नंदूचं मेडिकल

जूनपासून प्रियदर्शनी रोज शाळेच्या व्हरांड्यात बसत होती. सकाळी लेकीला, नंदूला, दुसरीच्या वर्गात सोडायचं, दाराबाहेर पोतं अंथरायचं आणि शाळा सुटेपर्यंत त्या दारावरून नजर हलू द्यायची नाही. नजर हलली की नंदू गेलीच म्हणायची. रडणं नाही, ओरडणं नाही. मुठीतून वाळू निसटावी तशी पोर वर्गातून निसटायची आणि थेट शाळेमागच्या कालव्याची वाट धरायची. वाहत्या पाण्याचं तिला भारी वेड. पहिलीत असताना दोनदा गेली होती. दुसऱ्या खेपेला उसाला पाणी पाजणाऱ्या माणसानं तिला काठावरून उचललं, तेव्हा तिचे दोन्ही पाय पाण्यात होते आणि ती खुदुखुदु हसत होती.

सात वर्षांची पोर. शाळेच्या हजेरीत राजनंदिनी वीरधवल घोरपडे, घरात नंदू. केस कुरळे, गालावर खळी. अनोळखी बायका हटकून तिच्या गालाला हात लावायच्या आणि "नाव काय गं तुझं?" म्हणायच्या. नंदू त्यांच्या बांगड्यांकडं बघत राहायची. चार-पाच शब्द यायचे तिला, तेही दुसऱ्यानं म्हटलेले परत म्हणायचे. भूक लागली, दुखतंय, शी आली, यातलं काहीच तिच्या तोंडून कधी आलं नव्हतं.

"वैनी, मी काय दुश्मन हाय का तुमचा?" मुख्याध्यापक नानासो सर एक दिवस खुर्ची ओढून तिच्यासमोरच बसले. "चार वर्ग आन् आमी मास्तर दोन. मी फळ्याकडं वळलो आन् पोर कालव्यात गेली, तर गाव मला जित्ता ठेवंल का?"

"मी बसते की सर."

"किती वरसं बसणार? चौथीपतुर? दिवाळीपर्यंत बघतो. तवर तिच्यासाठी काय सोय झाली तर ठीक, न्हाईतर दाखला काढून न्या. अर्ज मीच लिहून देतो, तुमी फकस्त सही करायची."

दाखला काढून न्यायचा, पण न्यायचा कुठं? जवळ दुसरी शाळा नव्हती. घरात ठेवायची म्हटलं तर सासूबाई राहीबाईंचे गुडघे धरलेले, दोन म्हशी, आणि कालवा तर घरापासूनही हाकेवरच. शाळा कायमची सुटली की नंदूचं काय होणार ते प्रियदर्शनीला लख्ख दिसत होतं. शेजारच्या वस्तीवर एक पोरगी होती, आता मोठी झालेली. तिच्या पायाला बांधलेली साडी प्रियदर्शनीनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती.

दीक्षा मॅडम त्याच आठवड्यात आल्या. विशेष शिक्षिका. कंत्राटावरची नोकरी, अंगावर तीसेक शाळा आणि बुडाखाली कराडहून आणलेली स्कूटी, त्यामुळं या शाळेच्या वाट्याला एकाआड एक बुधवार. नंदू त्यांच्या पिशवीतले लाकडी ठोकळे तोंडात घालत होती. शेजारी पोत्यावर प्रियदर्शनी, आणि नातीला न्यायला आलेले आबा उभे.

आबा म्हणजे सासरे, सयाजी घोरपडे. सुभेदार होऊन पेन्शनीत आलेले. मिशा अजून ताठ. मुलगा वीरधवलही फौजेतच, आत्ता कुठल्याशा बर्फातल्या चौकीवर. रविवारी फोन लागला तर लागला.

"आधी एक ध्यानात ठेवा," दीक्षा मॅडम म्हणाल्या. "दाखला कोणी काढून देऊ शकत नाही. तो पालकांच्या सहीनं निघतो. तुम्ही सही केली नाही तर सरांना तिला ठेवावंच लागतं, तसा कायदाच आहे. पण नुसतं शाळेत असून तिला काय मिळणार? तिचं दिव्यांग प्रमाणपत्र काढू. ते निघालं की आठवड्यातून दोनदा कराडच्या केंद्रात बोलायचं शिकवतील, हाताचं शिकवतील. शाळेत तिच्यापुरता वेगळा अभ्यास लावता येईल. मदतनीस बाई मागता येईल. मिळेलच असं नाही म्हणत मी. पण कागदाशिवाय मागताच येत नाही."

"कागुद कोण देणार?" आबांनी विचारलं.

"साताऱ्याला तज्ज्ञांचं बोर्ड बसतं. ते तपासतात, घरच्यांना विचारतात, आणि किती टक्के ते लिहून देतात."

"मेडिकल बोर्ड!" आबांची पाठ आपोआप सरळ झाली. "मग सांगायचं की तसं. किती दिस हायत हातात?"

"दीड महिना."

"रग्गड हाय," आबा म्हणाले. पुढच्या शाळेत पोचायचं म्हणून मॅडम किक मारून निघूनही गेल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आबांनी नंदूला अंगणात उभं केलं. उभ्या नोकरीत त्यांनी नवे रंगरूट घडवले होते. काखेत काठी, पायांत बूट. "नंदू, सावधान!" नंदू म्हशीकडं बघत होती. आबांनी तिच्या टाचा जुळवल्या, हनुवटी वर केली. सोडली की पोर पुन्हा वाकडी. पुन्हा जुळवली. शंभरदा, दोनशेदा. राहीबाई ओसरीवरून करवादल्या, "आवं, पोरगी हाय का पलटण? च्या तरी पिऊ द्या तिला."

"तू गप. बोर्डापुढं जायचंय तिला. घोरपड्यांच्या घरातलं आजवर कोण बोर्डापुढं पडलंय का?"

आणि नवल असं, की ते नंदूला आवडायला लागलं. रोज तीच वेळ, तेच शब्द, तीच काठी. तेच ते पुन्हा पुन्हा करण्यात तिचा जीव रमायचा. पंधरा दिवसांत ती आबांच्या खाकरण्यावर टाचा जुळवायला लागली. तीन आठवड्यांत सलाम. मग नाव. मग एकदमच सगळी माळ: "राजनंदिनी वीरधवल घोरपडे, इयत्ता दुसरी, आईचं नाव प्रियदर्शनी, एक दोन तीन चार पाच, जय हिंद!"

पहिल्यांदा ती माळ ऐकली तेव्हा प्रियदर्शनी शेणाच्या हातानंच धावत आली आणि तिनं पोरीला कवटाळलं. सात वर्षं ज्या तोंडाकडं डोळे लावून बसली होती, त्यातून तिचं नाव आलं होतं. नंदू तिच्या मिठीतून सुटून पुन्हा जागेवर उभी राहिली आणि माळ पहिल्यापासून म्हणायला लागली. तिला ना आईकडं बघायचं होतं, ना कुणाकडं. प्रियदर्शनीला ते दिसलं नाही असं नाही. पण दिसलेलं सगळंच मनावर घ्यायला माणसाला धीर लागतो. तो त्या दिवसांत तिच्याकडं नव्हता.

तपासणीच्या दिवशी नंदूला नवा फ्रॉक, दोन वेण्या, लाल रिबिनी. साताऱ्याच्या दवाखान्यात ही गर्दी. कुठून कुठून आलेली माणसं, खांद्यावर मोठाली लेकरं, हातात फायली. रांगेत त्यांच्याच गावची रंगूबाई दिसली, डोळे दाखवायला आलेली. "आगं बया, सुभेदाराची सून! हितं कशाला गं?" प्रियदर्शनीनं पदर सारखा केला आणि "असंच" म्हणाली.

आत तपासणाऱ्या डॉक्टर बाईंकडं प्रश्नांची लांबच लांब यादी होती आणि बाहेर दीडशे माणसं. नंदू दारातून आत आली, आबा खाकरले, आणि पोरीनं टाचा जुळवून सलाम ठोकला. माळ म्हटली. बाई हसल्या. "अरे व्वा! हुशार आहे की."

"स्वतःच्या हातानं जेवते?"

"जेवती साहेब," आबा म्हणाले.

"कपडे घालते?"

"घालती."

"शी-शू सांगते?"

"सांगती."

"घराबाहेर गेली तर परत येते?"

"सरळ घरी साहेब!"

प्रियदर्शनी शेजारीच उभी होती. सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. जेवती, घालती, सांगती. ते ऐकायला गोड लागत होतं. घटकाभर त्या खोलीत एक वेगळीच नंदू उभी होती, आणि तिला हात धरून बाहेर काढायचं प्रियदर्शनीच्या जिवावर आलं. उत्तरांच्या कागदाखाली आबांनी झोकात सही केली.

निकाल आला. पंचवीस टक्के.

"फकस्त पंचवीस!" आबांनी कंदी पेढे आणले. पहिला देवापुढं, दुसरा नंदूच्या तोंडात, मग पुडा घेऊन शाळेत. नानासो सरांनीही पेढा खाल्ला आणि कागद उलटसुलट करून बघितला. "चांगलं हाय की. मग आता काय अडचन न्हाई म्हना."

बुधवारी दीक्षा मॅडमनी तो कागद हातात घेतला आणि त्या व्हरांड्याच्या पायरीवर मटकन बसल्या.

"आत काय सांगितलंत तुम्ही?"

"फिट करून नेली हुती," आबा म्हणाले. "पेढा घ्या मॅडम."

"सुभेदार साहेब, चाळीसच्या खाली काही मिळत नाही. केंद्र नाही, मदतनीस नाही, काही नाही. या कागदाचा अर्थ एवढाच, की पोरगी बरी आहे, तिला काही लागत नाही."

"मग बरंच हाय की!"

"बरी आहे का?"

नंदू पेढ्याचा कागद चघळत होती.

"चुकलं माझंच," मॅडम म्हणाल्या. "नीट बसून सांगायला हवं होतं, मी घाईत गेले. आबा, हे तुमच्या भरतीसारखं नाही. तिथं जो पडतो त्याला घरी पाठवतात. इथं जी पास होते तिला घरी पाठवतात."

"म्हंजी मी माझ्या नातीला बोर्डापुढं मुद्दाम पाडायची?" आबांचा आवाज चढला. "सगळ्या साताऱ्यापुढं सांगायचं, सुभेदार घोरपड्याची नात येडी हाय म्हणून? तुमच्या घरातलं असतं तर सांगितलं असतं का?"

मॅडमनी पेढा रुमालावर ठेवला. "माझा सख्खा भाऊ होता, आबा. ऐकू येत नव्हतं त्याला. आमच्या वडलांनी कधी कुठं दाखवलं नाही. लोक काय म्हणतील म्हणून." आणि फेरतपासणीचा अर्ज त्यांनी तिथंच बसून लिहिला.

त्यानंतर आठच दिवसांनी ते घडलं. प्रियदर्शनी शाळेच्या मागं बाथरूमला गेली होती. दोन मिनिटं, तीन असतील. परत आली तर पोतं तसंच, दार तसंच, नंदूची जागा रिकामी. ती पळाली. चप्पल कुठं सुटली कळलं नाही. कालव्यावर पोचली तेव्हा पाणी नंदूच्या छातीला लागलं होतं, फ्रॉक फुगून वर आला होता, आणि नंदू तळव्यांनी पाणी थोपटत होती. प्रियदर्शनीला पोहता येत नव्हतं. तरी ती आत शिरली. काठाचं गवत एका मुठीत धरलं, दुसऱ्या मुठीत नंदूची वेणी, आणि ओढली. वेणीला हिसका बसला तशी पोर किंचाळली आणि आईच्या मनगटाला कडकडून चावली. रक्त आलं. काठावर चिखलात दोघी पडल्या तरी ती चावतच होती.

संध्याकाळी नानासो सर घरी आले. टेबलावर त्यांनी लिहून आणलेला अर्ज ठेवला: माझ्या पाल्याचा दाखला मला स्वखुशीने मिळावा. "आबा, मला बी पोरंबाळं हायत. आज कायबी झालं असतं."

आबांनी खिशाचं पेन काढलं. साहेबानं कागद पुढं केला की सही करायची, इतकंच त्यांना आयुष्यभर ठाऊक. टोपण काढलं, आणि प्रियदर्शनीनं तो कागद त्यांच्या हाताखालून ओढून घेतला.

"सही करायची न्हाई आबा."

"पोरी, आगं..."

"न्हाई करायची. पुढल्या महिन्यात तारीख हाय. तवर मी वर्गात, तिच्या बाकावर, तिचा हात माझ्या हाताला बांधून बसते. तुमी सही केलीसा तर मी तिला घेऊन आटपाडीला माहेरी जाईन. तिथं कालवा तर न्हाई."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. एवढं ती त्यांच्यासमोर कधीच बोलली नव्हती. राहीबाई दारातूनच म्हणाल्या, "ठेवा ते पेन खिशात."

फेरतपासणीला दीक्षा मॅडमना येता आलं नाही. त्या दिवशी त्यांना दुसऱ्या टोकाच्या शाळेत हजर राहायचं होतं. फोनवर एवढंच म्हणाल्या, "सगळं खरं सांगा. लाजू नका. तुम्ही तिची बदनामी करत नाही, तिच्यासाठी मागताय." एसटीत आबा खिडकीकडं तोंड करून बसले. दवाखान्यात प्रियदर्शनी म्हणाली, "आबा, तुमी भाईर थांबा," आणि त्यांनी मान हलवली.

या वेळी टेबलामागं दुसरे डॉक्टर होते, वयस्कर, चष्मा नाकावर. दार उघडलं. कुणी खाकरलं नाही, काही नाही. तरीही नंदूनं टाचा जुळवल्या. सलाम ठोकला. "राजनंदिनी वीरधवल घोरपडे, इयत्ता दुसरी..."

प्रियदर्शनी घाईनं पुढं झाली. पोरगी माळ म्हणत होती, खणखणीत, एकही मणी न चुकवता.

"डॉक्टरसाहेब, हे शिकवलेलं हाय. तिला अर्थ ठावं न्हाई त्याचा."

डॉक्टरांनी जुना कागद पुढं ओढला. "गेल्या वेळी तर तुमच्या घरच्यांनी लिहून दिलंय. जेवते, कपडे घालते, सगळं सांगते. खाली सही आहे. आता म्हणता काहीच येत नाही. बाई, टक्के वाढवून घ्यायला असं सांगणारे पण रोज येतात माझ्याकडं. यातलं खरं कोणतं धरू मी?"

तिला वाटलं होतं, तोंड उघडलं की झालं. पण बोलायचं कुठून ते सुचेना. मग एकदम सगळंच बाहेर आलं, कसंही, मागचं पुढं. अजून लंगोट लागतो. घास भरवावा लागतो, मुगाची खिचडी सोडून काही चालत नाही. चटका बसला तरी हात मागं घेत नाही, ही बघा खूण. झोपेत भिंतीला डोकं आपटते. गेल्या महिन्यात कालव्यात गेली. बोलता बोलता तिनं बाही वर केली आणि मनगटावरचे दातांचे वण पुढं धरले. "माझं नाव घेती ती, ऐकलंत ना. पण मला आई म्हणून हाक मारलेली न्हाई अजून. एकदाबी न्हाई. मी मेले तर तिला कळणार सुदीक न्हाई, डॉक्टरसाहेब. मी कशाला खोटं सांगू? कुठली आई असलं खोटं सांगंल?"

डॉक्टरांनी जुन्या कागदावर बोट ठेवलं. "सही ज्यांची आहे त्यांना बोलवा."

आबा आत आले. कागद त्यांच्यासमोर ठेवला गेला. "ही तुमचीच?"

"व्हय साहेब."

"मग खरं काय?"

नंदू टेबलाखाली शिरून पंख्याची वायर ओढत होती. आबांनी डोक्याची टोपी काढून काखेत धरली.

"खोटं सांगितलं हुतं साहेब. तिला कायबी येत न्हाई. रात्री हातरूण वलं करती, ते मी सकाळच्या पारी धुतो. सुनंला दिसाय नगं म्हणून." प्रियदर्शनीनं त्यांच्याकडं बघितलं. घरात चादरी कोण वाळत घालतं, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. "मीच बोर्डाला फसवलं. शिक्षा मला द्या. पोरीला काय लागंल ते लिवा."

डॉक्टरांनी दोघांना बाहेर बसवलं आणि नंदूला तासभर आत ठेवून घेतलं. ठोकळे, चित्रं, मणी. बंद दाराआडून तीनदा "जय हिंद" ऐकू आलं आणि मग बराच वेळ काहीच नाही.

शेवटी त्यांनी प्रियदर्शनीला आत घेतलं आणि आकडा सांगितला. पंच्याहत्तर. सगळं मिळेल, काळजी करू नका, कागद येईल थोड्या दिवसांत.

महिनाभर ती देवाला चाळीस मागत होती. फार तर पन्नास. चाळिशीची रेघ ओलांडली की झालं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आकडा मोठाही असू शकतो, हे मनात आलंच नव्हतं. तिनं डॉक्टरांना हात जोडले, बाहेर येऊन बाकड्यावर बसली आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून रडली. आबा शेजारी बसले. त्यांनी हात उचलला, सुनेच्या डोक्यापर्यंत नेला आणि मग नंदूच्याच पाठीवर ठेवला.

"मॅडमना फोन लाव," थोड्या वेळानं ते म्हणाले. "पुढं काय करायचं ते नीट लिवून घेतो. ह्या टायमाला इचारून इचारून घेतो."

त्यांनी जुन्या कागदाची पाठकोरी बाजू गुडघ्यावर घेतली. फोनवर दीक्षा मॅडम सांगत होत्या आणि ते मोठ्यानं म्हणत लिहीत होते: केंद्राचे वार, शाळेला द्यायचा अर्ज, मदतनीसाचा वेगळा, प्रत्येकाची पोच घ्यायची. "पोच म्हंजी शिक्का मारून का नुसती सही? दोन्ही? बरं."

समोरच्या बाकड्यावर शिरवळकडून आलेलं एक जोडपं होतं. मांडीवर पाच-सहा वर्षांची पोरगी, डोळ्यात काजळ, नव्या बांगड्या. बाप तिच्या कानाशी पुटपुटत होता, "नाव इचारलं की काय म्हणायचं? म्हण. हां, शाबास. आन् आत रडायचं न्हाई हां."

प्रियदर्शनीनं डोळे पुसले, उठली आणि त्या बाईशेजारी जाऊन बसली.

"ताई, आत जाल तवा सगळं खरं सांगा. जे येत न्हाई तेच आधी सांगा."

त्या बाईनं पोरीला छातीशी ओढलं. तिच्या नजरेत राग होता आणि भीती होती. "आमची तशी न्हाई हो. थोडं उशिरा बोलती, एवढंच."

"व्हय," प्रियदर्शनी म्हणाली. "माझी बी."

ती तिथून उठली नाही. आतून त्यांचं नाव पुकारायला अजून बराच वेळ होता.